चिमाबाईच्या लुगड्याचा रंग

चहाच्या सुट्टीत नागसेननं लॉकरमधून फोन काढला, तर पडद्यावर त्याची आई जांभळ्या साडीत बसलेली. जाऊन शेहेचाळीस वर्षं झालेली आई. शेजारच्या खुर्चीत वडील, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावून फासावर चढायला निघाल्यासारखे ताठ. आणि आईच्या गुडघ्याला टेकून पाच वर्षांचा तो स्वतः, तिच्या पदराचं टोक मुठीत आवळून. फोटो त्याला पाठ होता. पण आजवर तो काळापांढरा होता. आता वडिलांचा शर्ट आकाशी झाला होता, त्याची चड्डी खाकी, मागचा पडदा गुलाबी, आणि आई जांभळी, अगदी टपोऱ्या जांभळासारखी. खाली साक्षीनं, त्याच्या मुलीनं, लिहिलं होतं : 'पप्पा, आजी बघा ना! स्टुडिओतल्या मोनिकाताईंनी कलर केलाय. ग्रुपवर सगळ्यांना आवडला. आज संध्याकाळपर्यंत फायनल सांगितलं तरच रविवारी फ्रेम मिळेल.' नागसेननं चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. रविवारी मोशीच्या नव्या फ्लॅटमध्ये भन्तेजी येणार होते, पाहुणे येणार होते, हॉलच्या भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एक खिळा रिकामा ठेवला होता, आणि त्या खिळ्यावर लागायची ही फ्रेम. सगळं रीतसर ठरलं होतं. फक्त ही बाई त्याची आई वाटत नव्हती. मनात पहिला विचार आला तोही कामातलाच, की शेड चुकलीय.

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात गाड्यांचे बंपर रंगवतात. गाडी रंगते दुसरीकडं, बंपर इथं, आणि दोघांची गाठ पडते पलीकडच्या मोठ्या कंपनीत. तिथं दोन्ही एकाच आईची लेकरं वाटली पाहिजेत. ती तशी वाटतात की नाही हे सांगायचं काम नागसेन सव्वीस वर्षं करत आला. पांढऱ्याफेक दिव्यांच्या खोलीत उभं राहायचं, एका बाजूला मूळ नमुन्याचा पत्रा, दुसऱ्या बाजूला बंपर, आणि बघायचं. नुसतं बघायचं, उघडा हात लावायचा नाही, बोटांचा तेलकट डाग पडतो. रंग मोजायचं मशीन आलं त्यालाही बारा वर्षं झाली, पण मशीन अडलं की मशीनवाले नागसेनभाऊंनाच हाक मारतात. पांढरा म्हणजे पांढरा, असं ज्याला वाटतं त्यानं नागसेनच्या शेजारी एक शिफ्ट उभं राहून बघावं : दुधाचा पांढरा वेगळा, चुन्याचा वेगळा, उन्हात वाळलेल्या धोतराचा वेगळा, आणि प्रत्येकाला कंपनीनं ठेवलेली इंग्रजी नावं वेगळी. एकदा पाहिलेली शेड हा माणूस विसरत नाही, असं लाइनवर बोललं जायचं, आणि नागसेनला ते ऐकायला आवडायचं. आता त्याच नागसेनला स्वतःच्या आईच्या साडीचा रंग सांगता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जांभळा नाही एवढं त्याला छातीठोक माहीत होतं. मग कोणता, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि आत नुसता करडा पडदा हलला.

जांभळा कुठून आला, हे मात्र त्यानं चहा निवायच्या आत शोधून काढलं. फोटो काढला होता तो हौसेनं नव्हे. अठ्ठ्याहत्तर साली वडील, खंडू, कंपनीत कायम झाले. कामगारांच्या दवाखान्याच्या कार्डावर कुटुंबाचा फोटो लागायचा, म्हणून तिघं भोसरीतल्या एका स्टुडिओत जाऊन बसले. तोच आईचा, चिमाबाईचा, पहिला फोटो आणि तोच शेवटचा. साहेबानं कार्डावर शिक्का मारला, तो अर्धा कार्डावर आणि अर्धा फोटोवर पडला : आईच्या उजव्या खांद्यावर जांभळ्या शाईची एक चंद्रकोर. साऱ्या फोटोत रंग म्हणून काय होता तो तेवढाच. लहानपणी नागसेनला वाटायचं, आईला तिथं लागलंय. कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं ती शाई पाहिली, हाच साडीचा रंग असणार असं ठरवलं आणि पदरापासून निऱ्यांपर्यंत सगळी आई शिक्क्याच्या शाईत बुडवून काढली. चूक सापडली की नागसेनला बरं वाटायचं. निदान कुणावर डाफरायचं ते तरी कळायचं. आज तसं झालं नाही. फोन बंद करण्याआधी त्यानं दोन बोटांनी आईचा चेहरा मोठा केला, आणि तेव्हा त्याला डोळे दिसले. बुबुळांच्या भोवतीचं पांढरं पांढरं नव्हतं. त्यात किंचित, अगदी मशीनलाही पकडता येणार नाही एवढी, पिवळी झाक होती. त्यानं फोन लॉकरमध्ये टाकला आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

सुट्टीनंतर पांढऱ्या बंपरांची बॅच लागली आणि त्यानं ओळीनं चार बंपर नापास केले. क्वालिटीची रुपाली, वयानं लहान पण हुद्द्यानं मोठी, हातात रीडिंगचा कागद घेऊन आली. "नागसेनभाऊ, मशीन पास म्हणतंय हो."

"पिवळट आहे."

"मला तर नाही दिसत."

"मॅडम, पिवळट आहे," तो म्हणाला, आणि आवाज नको तेवढा चढला. रुपालीनं त्याच्याकडं पाहिलं, मग बंपरकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. "भाऊ, बरं वाटतंय ना? बसा थोडं," असं म्हणून तिनं चारही बंपर बाजूला ठेवायला लावले. ते चारही चांगले होते. हे त्याला ती पाठमोरी झाल्यावर कळलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या नजरेची त्याला भीती वाटली. कारण पांढऱ्यातल्या पिवळ्या झाकेवर त्याचा राग आजचा नव्हता. लाल फिका आला तर तो शांतपणे बाजूला काढायचा, निळा गढूळ आला तर फोरमनची थट्टा करायचा; पण पांढऱ्यात पिवळं दिसलं की त्याचा आवाज चढायचा. का, ते त्यानं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तो सहा वर्षांचा होता. दवाखान्याच्या खाटेवर आई होती, तेच कार्ड उशाशी होतं, आणि त्याला उचलून वडिलांनी तिच्यापुढं धरलं होतं. आईनं डोळे उघडले. ते हळदीसारखे पिवळे होते. कावीळ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, आईच्या डोळ्यांत दुसरंच कुणीतरी येऊन बसलंय. तो किंचाळला आणि वडिलांच्या मानेत तोंड खुपसलं. आईनं हात पुढं केला होता. तो हात त्यानं धरला नाही. चार दिवसांनी ती गेली. एवढा एकच रंग त्याला आईचा म्हणून आठवत होता, आणि त्याच्या भीतीनं तो आयुष्यभर जगातलं सगळं पांढरं तपासत आला होता.

कंपनीची बस चाकणच्या चौकात नेहमीसारखी अडकली. पुढं कांद्याचे ट्रक, मागं कांद्याचे ट्रक, खिडकीतून तो सालपटांचा तिखट वास. नागसेननं डोळे मिटले आणि आईला बोलावून पाहिलं. ती यायची ती नेहमी हाताला. मुठीत पदर, धुऊन धुऊन मऊ पडलेला, काठाशी जरा खरबरीत. तोंडावर ओढून घेतला की चुलीचा आणि लाइफबॉयचा मिळून एक वास. तापात तो तिच्या मांडीवर पदराखाली झोपलेला असायचा, आणि बाहेरचं ऊन पदरातून गाळून आत यायचं. तो उजेड त्याला आठवायचा. पण त्या उजेडाचा रंग विचारला की उजेडच विझायचा. आपण आईला विसरलो, हे त्याला त्या बसमध्ये पहिल्यांदा सरळ शब्दांत वाटलं. शेजारचा ऑपरेटर क्रिकेटबद्दल काहीतरी बोलत होता. नागसेन हो हो म्हणत राहिला.

भोसरीत उतरून तो आधी स्टुडिओत गेला. मोनिका गावातल्या जुन्या शेतकरी घराची सून. शेतं गेली, गाळे आले, त्यातल्या एका गाळ्यात तिनं हा स्टुडिओ थाटला होता. "या काका! बसा. कसल्या देखण्या हो तुमच्या आई. जांभळा काय खुललाय त्यांना!"

"तो रंग शिक्क्याचा आहे," नागसेन म्हणाला. तिनं मूळ फोटो स्क्रीनवर आणला, बघितला आणि जीभ चावली. "अगंबाई, खरंच की! पण त्याचं काय नाही. तुम्ही नुसता रंग सांगा, दोन मिनिटांत बदलते. आमच्या छबूबाईंना, सासूबाईंना, मी गेल्या वर्षी डाळिंबी नेसवली फोटोत. त्या म्हणल्या, 'आगं, आसली साडी माझ्याकडं कवा व्हती? मला तर न्हाई आठवत.' आता रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत्यात, ही माझी लग्नातली." मोनिका मनापासून हसली. नागसेनही हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला. वर्षभरात छबूबाईंची डाळिंबी साडी खरी झाली होती. त्यानं डोळ्यांविषयी विचारलं. "थोडा वॉर्म टोन दिलाय काका, त्यानं माणूस जिवंत वाटतं," मोनिका म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. दुकान आठला बंद करते, तोवर फोन करा, असं तिनं बजावलं.

भोसरीतल्या जुन्या घरी मिनल, त्याची बायको, आमंत्रणं करायला बाहेर पडली होती आणि खंडू बाल्कनीत खुर्ची टाकून एकेक डोळा झाकून जग बघत बसला होता. म्हाताऱ्याला ऐंशी पुरी झालेली; पंधरा दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा अजून तसाच होता. तेव्हापासून त्याला हा एक खेळच मिळाला होता. "बग नागसेना, ह्या नव्या डोळ्यानं समदं निळं-पांढरं. ह्या जुन्यानं समदं पिवळं, चहा सांडल्यावाणी. भिंत एक, पर रंग दोन. कुनाचं खरं मानावं मान्सानं?" दुष्काळात मराठवाड्यातून आलेली त्याची बोली पंचवीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवूनही बदलली नव्हती. नागसेन त्याच्या पायाशी बसला. आईविषयी बाप-लेकांत बोलणं असं कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्यानं दुसरं लग्न केलं नाही, पोराला हातानं भाकरी थापून वाढवलं, आणि तिचं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जायचा. म्हणून नागसेननं विचारायची हिंमत केली नव्हती. आज सूर्य मावळत होता आणि दुकान आठला बंद व्हायचं होतं.

"दादा," तो वडिलांना म्हणाला, "आईनं फोटोत साडी कोणती नेसली होती?"

खंडू पाणी प्यायला उठला नाही. त्यानं झाकलेल्या डोळ्यावरचा हात खाली घेतला. "हिरवं लुगडं," तो म्हणाला. "हिरवंगार. कंपनीत लागायच्या आदी मी चाकणच्या मार्केटात कांद्याच्या गोन्या उचलायचो का न्हाई, तवा घेतलेलं. ट्रकात गोन्यांवर बसून आलो, लुगडं काखंत. घरी आनून दिलं तर त्येला ह्यो कांद्याचा वास. तुजी माय नाकाला लावून म्हनली, 'अवो, ह्ये नेसू का फोडनीला टाकू?'" म्हातारा खुदखुदून हसायला लागला, आणि हसता हसता नव्या डोळ्यातून पाणी आलं. "डाक्टरनं रडू नगा म्हनलंय. डोळं पूस जरा माजं." नागसेननं हातरुमालानं हलकेच पुसलं. "त्येच नेसून बसली फोटोला. आरं, मला इचार की. मला न्हाई तर कुनाला ठावं आसनार?"

आत येऊन नागसेननं मूळ फोटो ट्यूबखाली धरला. काळ्यापांढऱ्यात रंग जातो, पण त्याचं वजन राहतं. एवढं तर तो झोपेतही सांगू शकला असता. हिरवंगार लुगडं असतं तर ते वडिलांच्या पॅन्टसारखं जवळजवळ काळं आलं असतं. फोटोतलं लुगडं फिकं होतं, शर्टापेक्षाही फिकं. अबोली असेल, लिंबाच्या सालीचं असेल, विटलेलं आकाशी असेल, विहारात नेसायचं पांढरंसुद्धा असेल, हिरवंगार नव्हतं. म्हाताऱ्याची बायको त्या हिरव्या लुगड्यात बसली होती ती दुसऱ्या कुठल्या दिवशी. हे बाहेर जाऊन सांगायचं? पुरावा दाखवून, ऐंशी वर्षांच्या माणसाचा बंपर नापास करायचा? नागसेनला स्वतःची नजर, जिच्यावर त्याचं घर उभं होतं, त्या क्षणी नकोशी झाली.

साक्षी ऑफिसातून आली ती चपला काढता काढताच बोलायला लागली. "पप्पा, मोनिकाताईंचा फोन आला होता. जांभळा चुकीचा आहे म्हणे? मग बरोबर कोणता?"

"आजोबा हिरवं म्हणतात. पण काळापांढराच ठेवू."

"नाही हं, पप्पा." ती त्याच्यासमोर खाली बसली. "ब्लॅक अँड व्हाइटमध्ये माणसं आधीच गेलेली वाटतात. मी आजीला कधी पाहिलंच नाही. आज फोनवर कलरमध्ये पाहिली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही माझ्याशी बोलेल. माझं नाक तिच्यासारखं आहे, हे मला आज कळलं." तिचे डोळे भरून आले होते. बापाला लेकीचं खरं बोलणं लगेच कळतं, आणि अशा वेळी हट्ट धरणं फार अवघड जातं. मग नागसेननं तिला ते सांगितलं, जे त्यानं मिनललाही सांगितलं नव्हतं : खाट, हळदीसारखे डोळे, पुढं केलेला हात, आणि आपण वळवलेलं तोंड. सांगताना तो फोटोकडं बघत होता. "इथं बघ, तिचे डोळे पांढरे आहेत. स्वच्छ. हा आजाराच्या आधीचा दिवस आहे. मला तिच्या डोळ्यांकडं बघता येतं ते जगात एवढ्या एकाच ठिकाणी."

साक्षीनं फोटोवर वाकून ते डोळे पाहिले. मग हळूच म्हणाली, "मग डोळे पांढरेच ठेवायला सांगू. आणि साडी आजोबा म्हणतात तशी हिरवी. त्यांना किती बरं वाटेल."

हे त्यालाही सुचलं होतं. अडचण होती ती छबूबाईंच्या डाळिंबी साडीची. "कर म्हटलं तर मोनिका करेल," तो म्हणाला. "छान होईल. आणि वर्षभरात मला हिरवीच आठवायला लागेल. ही मूठ बघ. ही माझी आहे. या मुठीत काय होतं ते माझ्या हाताला ठाऊक आहे, डोळ्यांना नाही. त्यावर कुठलाही रंग चढवला, तर तेवढंही जाईल. तुझी जांभळी चढवली तर आजोबांची हिरवी जाईल. आहे तशी राहू दे, म्हणजे ज्याची त्याला राहील." बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे आपल्याला आत्ता बोलता बोलता कळलं. साक्षीनं फोटो हातात घेतला, आजीच्या नाकावर बोट ठेवलं, आणि मग स्वतःच्या. आठला दहा मिनिटं कमी असताना तिनं फोन लावला. "मोनिकाताई, ब्लॅक अँड व्हाइटच. हो, नक्की. डोळ्यांना काही करू नका." तिनं फोनवर हात ठेवून विचारलं, "पप्पा, तो शिक्का काढायचा ना?"

"असू दे," नागसेन म्हणाला. "तेवढा रंग खरा आहे."

रविवारी सकाळी भन्तेजींचं परित्राण पाठ झालं, पाणी शिंपडून झालं, जेवणं झाली, आणि पाहुण्यांनी फ्लॅटच्या खिडक्या, नळ, लिफ्ट सगळ्याचं रीतीप्रमाणे कौतुक केलं. भिंतीवरच्या फोटोपाशी येऊन एकदोघींनी विचारलंच, की आवं, जांभळा केला होता ना, तो का नाही लावला? साक्षीनं त्यांना आणखी गुलाबजाम वाढले. दुपार कलली तशी माणसं पांगली. खंडू पांढऱ्या सदऱ्यात, काठी टेकत, एकटाच फोटोपुढं जाऊन उभा राहिला. आतापर्यंत गर्दीत त्याला तो नीट दिसलाच नव्हता. नागसेन स्वयंपाकघराच्या दारात थबकला. हिरवं नाही म्हणून म्हातारा काय म्हणेल, या धास्तीनं तीन दिवस त्याला झोप नव्हती. सांगायचं म्हणून चार वाक्यं त्यानं घोकून ठेवली होती. साक्षीही उष्टी ताटं हातात घेऊन तशीच उभी राहिली. खंडूनं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. पुन्हा उजव्यानं. मग काठी भिंतीला टेकवली, आणि काचेवर, चिमाबाईच्या पदरावर, लेकाच्या त्या एवढ्याशा मुठीवर आपला उघडा तळवा ठेवला. नागसेनचा हातही दाराच्या चौकटीवर मिटला गेला, कशाला तरी धरल्यासारखा.

"नागसेना, ह्ये बग," म्हातारा मागं न वळता म्हणाला. "समद्या घरात ह्ये एकच दोनी डोळ्यांनी सारकं दिसतंय. हिरवंगार."

साक्षीनं ताटं खाली ठेवली, आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि फोटोकडं बघत म्हणाली, "हो आजोबा. हिरवंच आहे."